समुद्री गोगलगाईंचे नातेसंबंध कसे शोधावेत: मुंबईच्या किनाऱ्यावरून सुरुवात करणाऱ्यांसाठी

वांद्र्याच्या बँडस्टँडवर किंवा हाजी अलीच्या खडकांवर चांगल्या ओहोटीला उभे राहिले, की दहा पावलांच्या आत समुद्री गोगलगाईंच्या पाच-सहा प्रकारांशी सहज गाठ पडते. नवख्या माणसाचा पहिला प्रश्न नावाचा असतो आणि तो योग्यच आहे. पण नाव मिळाल्यानंतर जो प्रश्न उरतो, त्यासाठी हा लेख आहे: या सर्वांत एकमेकांच्या जवळचे कोण, दूरचे कोण आणि ते कशावरून ठरवायचे? उत्तरासाठी सामान्य माणसाच्या हाती दोन साधने आहेत. एक म्हणजे प्राण्याच्या शरीराची रचना आणि दुसरे म्हणजे खडकांत जपले गेलेले जीवाश्म. जनुकांचा अभ्यास हे तिसरे आणि आज फार प्रभावी साधन आहे, परंतु त्यासाठी प्रयोगशाळा लागते. पहिली दोन साधने भिंग, वही आणि थोडा धीर एवढ्यावर सुरू होतात.

किनाऱ्यावर जाण्यापूर्वी

भरती-ओहोटीचा तक्ता पाहूनच दिवस ठरवावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती जशी खूप चढते तसे ओहोटीचे पाणीही खूप खाली जाते. तक्त्यात ओहोटीची पातळी अर्ध्या मीटरच्या खाली असलेले दिवस उत्तम. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी वळले की परत फिरावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग, चिमटा, झाकणाचा पारदर्शक डबा, शिसपेन्सिल आणि वही एवढे सामान पुरते. पेनाची शाई ओली होऊन फिसकटते, म्हणून पेन्सिलच वापरावी.

जिवंत प्राणी जागेवरच पाहावेत, छायाचित्र घ्यावे आणि ज्या दगडावरून उचलले त्याच दगडावर, त्याच बाजूने ठेवावेत. काही समुद्री शंखांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे, त्यामुळे संग्रहाची हौस रिकाम्या, सामान्य शंखांपुरतीच ठेवावी. शरीराची आतली रचना पाहण्यासाठी ससून डॉक किंवा वर्सोव्याला मासळी निवडून झाल्यावर टाकून दिलेल्या कचऱ्यात अनेक मेलेल्या गोगलगाई सापडतात. जाळ्याशेजारी बसलेल्या कोळी मावशींना विचारले, तर त्या मूठभर काढून देतात, शिवाय त्या किती खोलीवरच्या आणि कोणत्या बाजूच्या आहेत हेही सांगतात. ती माहिती लगेच चिठ्ठीवर लिहून नमुन्याबरोबर ठेवावी, कारण ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही.

साम्य आणि नाते यांतला फरक

या विषयातली सर्वांत मोठी चूक म्हणजे दिसायला सारखे ते नात्याने जवळचे, असे मानणे. मीही सुरुवातीची दोन वर्षे टोपीसारखे सगळे शंख एकाच डब्यात ठेवत असे आणि डब्यावर एकच नाव लिहिले होते. त्या डब्यात प्रत्यक्षात परस्परांपासून कोट्यवधी वर्षांपूर्वी दुरावलेली घराणी होती, हे शंख उलटे करून आतून पाहिल्यावर कळले. त्या डब्याकडे पुढे परत येऊ.

जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये मांडलेला नियम येथे आधार देतो. दोन प्राण्यांत आढळणारे साम्य तीन प्रकारचे असू शकते. पहिले, दोघांनी ते फार जुन्या पूर्वजाकडून घेतलेले असते आणि इतर अनेकांकडेही ते असते. दुसरे, दोघांनी ते वेगवेगळे, आपापल्या गरजेपोटी मिळवलेले असते. तिसरे, त्या दोघांच्याच सामाईक पूर्वजात ते नव्याने निर्माण झालेले असते. नाते सिद्ध करते ते केवळ तिसरे. म्हणून प्रत्येक लक्षणासमोर वहीत ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहून भागत नाही. ते जुने आहे की नवे, हेही ठरवावे लागते. त्यासाठी गटाबाहेरचा एखादा नातेवाईक तुलनेला घ्यावा. आपल्या किनाऱ्यावर यासाठी कायटॉन सोयीचा आहे. आठ पट्ट्यांचे कवच असलेला हा चपटा प्राणी खडकाला चिकटून असतो. तो मृदुकाय संघातलाच, पण गोगलगाय नव्हे. जे लक्षण कायटॉनमध्येही आहे ते बहुधा जुने, असे धरून सुरुवात करावी.

शंख हातात घेणे

रिकामा शंख टोक वर आणि मुख आपल्याकडे, असा धरावा. मुख उजव्या हाताला आले तर तो उजवा शंख आणि डाव्या हाताला आले तर डावा. येथे मराठी वाचकाचा एक गोंधळ होतो आणि तो आधीच दूर केलेला बरा. देवघरातला शंख आपण टोक खाली आणि पन्हळीची, म्हणजे मुखाच्या टोकाशी असलेल्या नळीसारख्या खोबणीची, निमुळती बाजू वर धरून पाहतो. त्यामुळे विज्ञान ज्याला उजवा म्हणते तो नेहमीचा शंख परंपरेत वामावर्त ठरतो आणि ज्याला परंपरा दक्षिणावर्त म्हणते तो अतिदुर्मिळ शंख विज्ञानाच्या भाषेत डावा असतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. वहीत मात्र एकच पाळावी.

या दक्षिणावर्त शंखातच नातेसंबंधांचा पहिला धडा आहे. आपला पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. त्याच्या मुखातून आत पाहिले, की मधल्या खांबावर तीन-चार ठळक घड्या दिसतात. बोट फिरवले तर त्या नखाला लागतात. बाजारात दक्षिणावर्त म्हणून विकले जाणारे अनेक शंख हे प्रत्यक्षात अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच कुळातल्या गोगलगाईचे असतात. ती जात जन्मतःच डावी असते आणि तिच्या खांबावर अशा घड्या नसतात. वळण कोणत्या हाताचे आहे हे पाहून नाते ठरवणारा येथे फसतो, खांबावरच्या घड्या पाहणारा फसत नाही. अर्थात घड्यांनाही अंतिम पुरावा मानू नये, कारण त्याही अनेक घराण्यांत स्वतंत्रपणे निर्माण झाल्या आहेत. एकट्या लक्षणावर विसंबू नये, हे येथे पहिल्यांदा लक्षात येते.

शंख डोळे मिटूनही हाताळावा. जीवाश्म शंखांचे ख्यातनाम अभ्यासक गीरात व्हर्मे यांची दृष्टी वयाच्या तिसऱ्या वर्षी गेली आणि त्यांनी सगळे संशोधन बोटांच्या स्पर्शावर केले. मुखाच्या कडेवर, वेढ्यांवर, दोन वेढे जुळतात त्या शिवणीवर बोट फिरवत गेल्यावर खेकड्याने फोडलेली आणि प्राण्याने पुन्हा बांधून काढलेली जागा चटकन जाणवते. डोळ्याला ती पुष्कळदा सुटते.

यानंतर शंखाचे अगदी टोक भिंगाखाली पाहावे. झिजलेले नसेल तर तेथे अळी अवस्थेतला शंख जसाच्या तसा असतो. त्याला आद्यशंख म्हणू. त्याचे वेढे लहान आणि पुष्कळ असतील तर अळी पाण्यात बराच काळ तरंगून, खाऊन वाढलेली असते. वेढे एक-दोनच आणि फुगीर असतील तर तिचे पोषण अंड्यातल्या बलकावर झालेले असते. काही गटांत आद्यशंख एका दिशेने व पुढचा शंख विरुद्ध दिशेने वळलेला असतो. बागेतल्या गोगलगाई जिच्यात येतात त्या हेटेरोब्रँकिया या मोठ्या शाखेची ही खूण आहे आणि ती जीवाश्मांतही टिकते, म्हणून ती फार मोलाची ठरते.

मेलेल्या नेरिटाचा, म्हणजे खडकांच्या फटींत घोळक्याने बसणाऱ्या काळसर, गोलसर गोगलगाईचा एक रिकामा शंख घ्यावा आणि पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरवर ओलाच घासत जावा. कोरडा घासू नये, धूळ छातीत जाते. अर्ध्या तासाने शंख उभा अर्धा उघडतो आणि आत खांब नसतो, वेढ्यांच्या भिंती नसतात, नुसती पोकळी असते. आता थाइसचा, म्हणजे इतर शंख-शिंपल्यांना भोक पाडणाऱ्या शिकारी गोगलगाईचा, शंख तसाच घासावा; आत मधला खांब आणि त्याभोवतीचा जिना स्पष्ट दिसतो. नेरिटा वाढताना आतल्या भिंती स्वतःच विरघळवून टाकते. हे लक्षण तिच्या शाखेचे स्वतःचे आहे आणि ते पुढे जीवाश्मांत कामाला येईल.

झाकण

गोगलगाय आत गेली की जे दार लावते ते झाकण शंखाबरोबर जपून ठेवावे. टर्बोचे, म्हणजे आतून मोत्यासारख्या झळाळणाऱ्या शंखाच्या गोगलगाईचे, झाकण जाड, चुनखडीचे, बाहेरून घुमटासारखे असते. नेरिटाचेही चुनखडीचेच असते, पण त्याच्या आतल्या बाजूला खुंटीसारखा उंचवटा असतो. अम्बोनियम, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर बटणासारखे चकचकीत दिसणारे शंख, यांचे झाकण पातळ, शिंगासारख्या पदार्थाचे आणि अनेक वेढ्यांचे असते. वाढ झालेल्या कवडीला झाकण नसते.

टोपीचा डबा

आता तो डबा उघडू. भरतीच्या माऱ्यात खडकाला घट्ट चिकटून राहण्यासाठी टोपीचा आकार इतका सोयीचा आहे, की तो अनेक घराण्यांनी स्वतंत्रपणे घेतला. मुंबईच्या परिसरात हे सहज पडताळता येते. शंख उलटा करावा आणि आतला स्नायूचा वण पाहावा; तो बहुधा घोड्याच्या नालासारखा असतो. सेलाना या खऱ्या लिंपेटमध्ये, म्हणजे टोपीवाल्या गोगलगाईत, नालाचे तोंड डोक्याच्या बाजूला उघडे असते. सायफोनेरियात ते उजव्या कुशीला उघडे असते, तेथे एक उथळ खोबण असते आणि शंखाची कडही त्या बाजूला किंचित बाहेर आलेली दिसते. डायोडोराच्या टोपीच्या शेंड्यालाच भोक असते. तिच्या एका जातीचे शास्त्रीय नाव तर बॉम्बेवरून पडले आहे. चौथा प्रकार क्रेपिड्युलाच्या कुळातला, ज्याच्या आत फळीसारखा अर्धा पडदा असतो.

शरीर पाहिले म्हणजे शंका उरत नाही. सेलानाच्या पायाभोवती, प्रावाराच्या, म्हणजे शंख घडवणाऱ्या त्वचेच्या घडीच्या, कडेला, बारीक कल्ल्यांची झालर असते. डायोडोराला दोन कल्ले असतात आणि प्रत्येकाला पिसासारख्या दोन्ही बाजूंनी पाकळ्या असतात. वापरलेले पाणी शेंड्याच्या भोकातून बाहेर पडते. क्रेपिड्युलाच्या कुळात एकच कल्ला आणि त्याला एकाच बाजूने पाकळ्या, कंगव्यासारख्या. सायफोनेरियाला हवा घेणारी पोकळी असते, म्हणजे ती आपल्या पावसाळी बागेतल्या गोगलगाईच्या जवळची आहे, शेजारच्या सेलानाच्या नव्हे. तिची अंडी खडकावर जेलीच्या वळलेल्या पट्ट्यांत सापडतात; सेलाना मात्र अंडी आणि शुक्रपेशी थेट पाण्यात सोडते. एकाच दगडावर, हातभर अंतरावर बसलेले हे दोन टोपीवाले गोगलगाईंच्या वंशवृक्षाच्या अगदी दूरच्या फांद्यांवर आहेत.

शरीराच्या आत: पीळ आणि दात

सर्व गोगलगाईंना एकत्र बांधणारे लक्षण शंखाचे वळण नव्हे. टोपीवाल्यांत ते जवळपास नसते. खरे लक्षण म्हणजे पीळ. अळी अवस्थेत शरीराचा वरचा भाग डोके आणि पाय यांच्या संदर्भात १८० अंशांत फिरतो. त्यामुळे मागे असायला हवी ती प्रावाराची पोकळी डोक्यावर येते, गुदद्वारही पुढे येते आणि मज्जातंतूंचा लांब वेढा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा एकमेकांवरून जातो. कायटॉनमध्ये असे काही घडत नाही, म्हणून हे नवे आणि सर्व गोगलगाईंचे सामाईक लक्षण ठरते. हेटेरोब्रँकियात, म्हणजे सायफोनेरियाच्या शाखेत, हा पीळ पुढे बराचसा सुटलेला आढळतो. शंखाचे वळण आणि शरीराचा पीळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवशिक्यांच्या वहीत त्या हमखास एक होतात.

दातांसाठी सूक्ष्मदर्शक लागेल. गोगलगाईच्या तोंडात रॅड्युला नावाची फीत असते आणि तिच्यावर दातांच्या ओळी असतात. मेलेल्या प्राण्याचे डोके-घसा कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सुमारे १० टक्के द्रावणात ठेवले, की मांस विरघळते आणि फीत उरते. द्रावण त्वचेला व डोळ्यांना घातक आहे; हातमोजे आणि चश्मा वापरून, शिक्षकांच्या देखरेखीखालीच हे करावे. सेलानाच्या ओळीत थोडे, पण लोहाच्या खनिजाने कठीण झालेले दात असतात, म्हणून ती खडक खरवडू शकते. टर्बो आणि नेरिटा यांच्या ओळीत कडेला पंख्यासारखे असंख्य दात असतात. सेरिथियम, कवडी, नॅटिका यांच्या ओळीत सात. थाइस आणि तिच्या भाईबंदांत फक्त तीन. कोनसमध्ये तर एकेक दात पोकळ भाल्यासारखा होऊन विष टोचण्याच्या कामी येतो.

आता वर सांगितलेला नियम लावून पाहावा. टर्बो आणि नेरिटा यांचे पंखादार दात सारखे, म्हणून ते जवळचे, असे वाटते आणि विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत सेलाना, टर्बो आणि नेरिटा यांना ‘आर्किओगॅस्ट्रोपोडा’ या एकाच गटात ठेवले जात होते. पण या तिघांना जोडणारी लक्षणे बहुतेक जुनी निघाली. उलट नेरिटा आपली अंडी लहान, पांढऱ्या, कठीण कोषांत खडकावर चिकटवते. तिच्यात फलन शरीराच्या आत होते, थाइस आणि सायफोनेरिया यांच्यात होते तसे. हे नवे लक्षण आहे आणि ते नेरिटाला टर्बोपासून दूर, थाइसच्या बाजूला ओढते. १९९७ मध्ये मृदुकाय प्राण्यांचे अभ्यासक विन्स्टन पाँडर आणि डेव्हिड लिंडबर्ग यांनी अशी शंभराहून अधिक शारीरिक लक्षणे एकत्र तपासून गोगलगाईंचा वंशवृक्ष नव्याने मांडला, तेव्हा आर्किओगॅस्ट्रोपोडा हा गट मोडला. त्यांनी सेलानाच्या शाखेला उरलेल्या सर्वांपासून सर्वांत आधी वेगळे ठेवले होते. पुढच्या जनुकीय अभ्यासांनी मात्र तिला टर्बोच्या शाखेच्या जवळ आणले आहे.

खडकांकडे

मुंबई ज्या खडकावर उभी आहे तो दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा आहे. त्यात समुद्री गोगलगाईंचे जीवाश्म शोधत फिरू नये. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये वरळीला जे गाळाचे थर मिळाले ते गोड्या पाण्यातले होते आणि तेथील बेडकांचे जीवाश्म प्रसिद्ध आहेत. नागपूरच्या बाजूला अशाच थरांत फायसा नावाच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगाई भरपूर सापडतात. समुद्री जीवाश्मांसाठी कच्छ किंवा तमिळनाडूतला अरियलूरचा परिसर पाहावा लागतो. अरियलूर-तिरुचिरापल्ली भागातल्या क्रिटेशस काळातील (सुमारे साडेचौदा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या) गोगलगाईंचे वर्णन जीवाश्म-अभ्यासक फर्डिनांड स्टोलिझ्का यांनी १८६७-६८ मध्ये केले आणि ते आजही उघडून बसावे लागते.

सरावासाठी मात्र कोकण किनाऱ्यावरची करळ चांगली. वाळू आणि शिंपले चुन्याने घट्ट होऊन तयार झालेला हा तरुण खडक आहे. त्यात कोणते शंख अखंड राहिले, कोणते फुटले, कोणाचा नुसता साचा उरला, हे पाहिले म्हणजे जीवाश्मांत काय टिकते आणि काय हरवते याचा अंदाज येतो. शंखाचा बराचसा भाग अ‍ॅरागोनाइटचा असतो आणि ते खनिज काळाच्या ओघात विरघळते किंवा बदलते. टर्बोच्या आतली मोत्यासारखी झळाळी म्हणूनच जुन्या खडकांत क्वचित उरते. शंख विरघळला आणि आतला गाळ तेवढा राहिला, तर थाइससारख्या शंखाचा साचा स्क्रूसारखा दिसतो, नेरिटाचा मात्र भरीव गोळ्यासारखा. पॉलिश पेपरवर घासून पाहिलेला तो पोकळ शंख येथे आठवावा.

जुहू किंवा अक्साच्या वाळूत शिंपल्यांवर नेटके गोल भोक दिसते. नॅटिकाच्या कुळाने पाडलेले भोक बाहेर रुंद आणि आत निमुळते, वाटीसारखे असते. थाइसच्या कुळाने पाडलेले सरळ कडेचे असते. अशी भोके जीवाश्म शिंपल्यांवरही सापडतात, म्हणजे शंख न सापडताही शिकाऱ्याच्या घराण्याचा माग लागतो. मात्र केवळ भोकाच्या आकारावरून घराणे ठरवण्याचा मोह आवरावा. शंखाच्या पुराव्याची जोड हवी.

जीवाश्म वाचताना दोन सवयी लावून घ्याव्यात. पहिली: सर्वांत जुना जीवाश्म हा घराण्याचा जन्मदिवस नसतो, ते घराणे निदान तेव्हा तरी होते एवढेच तो सांगतो. थाइस आणि कोनस ज्या निओगॅस्ट्रोपोडा गटातले, त्याचे खात्रीचे जीवाश्म क्रिटेशस काळाच्या पूर्वार्धापासून मिळतात. शाखा त्याहून आधी फुटलेली असू शकते. दुसरी: न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. मुखाच्या कडेला लांब खाच असलेल्या प्लुरोटोमारिया कुळातल्या गोगलगाई केवळ जीवाश्मांतच उरल्या, असे मानले जात होते. १८५६ मध्ये कॅरिबियन समुद्रातून आलेल्या जिवंत जातीचे वर्णन झाले.

आणि काही जीवाश्मांपुढे थांबावेच लागते. कँब्रियन काळाच्या अखेरीपासून (सुमारे ४९ कोटी वर्षांपूर्वीपासून) पुढे आढळणारे बेलेरोफॉन गटातले शंख दोन्ही बाजूंनी सारखे, एकाच पातळीत गुंडाळलेले आहेत. त्यांच्या शरीरात पीळ होता का, यावर ते गोगलगाय होते की नाही हे अवलंबून आहे. पण शरीर टिकलेले नाही, फक्त स्नायूंचे वण उरले आहेत आणि त्यांवरून अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत.

वहीतला वृक्ष

आता एक पान आडवे धरून डावीकडे कायटॉन, सेलाना, टर्बो, नेरिटा, थाइस आणि सायफोनेरिया यांची नावे लिहावीत आणि वर लक्षणे: शरीराचा पीळ, मोत्यासारखा थर, पंखादार दात, आतले फलन, आतल्या भिंती विरघळणे, पन्हळ, टोपीचा आकार. प्रत्येक चौकटीत स्वतः पाहिले असेल तरच खूण करावी; पुस्तकातून घेतलेल्या खुणेला वर्तुळ करावे. मग जुन्या लक्षणांचे रकाने बाजूला ठेवून, नवी लक्षणे कमीत कमी वेळा निर्माण झाली असे मानावे लागेल अशा रीतीने फांद्या जोडाव्यात. टोपीचा रकाना येथे दोनदा निर्माण झाला असे मानावेच लागते. तो एकदाच झाला असे धरले, तर पीळ सुटणे, हवेची पोकळी, आतले फलन ही सगळी लक्षणे इकडे-तिकडे विखुरतात. थाइस आणि सायफोनेरिया एका फांदीवर येतात, हे मात्र या सात रकान्यांवरून पुरेसे सिद्ध होणार नाही. त्याचा पुरावा मज्जासंस्थेच्या आणि शुक्रपेशींच्या सूक्ष्म रचनेत आहे, तेव्हा तो रकाना वर्तुळासह जोडावा.

शेवटी प्रत्येक फांदीखाली त्या घराण्याच्या सर्वांत जुन्या खात्रीच्या जीवाश्माचा काळ लिहावा. दोन बहीण-शाखा एकाच वेळी फुटलेल्या असतात, म्हणून एकीचा जीवाश्म जुना आणि दुसरीचा बराच अलीकडचा असेल, तर अलीकडच्या शाखेची रेषा तुटक करून मागे, जुनीच्या काळापर्यंत न्यावी. ही तुटक रेषा म्हणजे खडकांत अजून न सापडलेला काळ. पुढच्या वेळी संग्रहालयात किंवा कच्छच्या सहलीत नेमके कोणत्या वयाच्या थरांपाशी जास्त वेळ द्यायचा, ते तिच्यावरून ठरवावे. सेलानाची फांदी जेथे जोडाल तेथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करावे आणि त्याशेजारी तारीख लिहावी.